पोलादपुरात होडीची मोटर

पोलादपुरात सावित्री आहे, पण होडी नाही. महाबळेश्वरच्या माथ्यावरून निघालेली ही नदी आमच्याकडे पोचते तेव्हा अजून खडकांवरून उड्या मारत असते. उन्हाळ्यात गुरं तिच्यातून चालत पलीकडे जातात, पावसाळ्यात तिच्या जवळ फिरकायची कुणाची छाती होत नाही. होडी लागते ती खाली, महाडच्या पुढे, जिथे समुद्राची भरती नदीला भेटायला आत येते. म्हणून आमच्या पडवीत लाकडी घोड्याला अडकवलेली होडीची मोटर बघून येणारा-जाणारा थबकायचा. कुणाला तो विहिरीवरचा पंप वाटला, कुणाला फवारणीचं यंत्र. एका आजींनी तर तिच्या पंख्याला हात लावून विचारलं, "एवढासा पंखा, वारा कुणाला घालतो?"

खाडीकाठचे लोक तिला 'ओबीएम', म्हणजे आउटबोर्ड मोटर, म्हणतात. होडीच्या पाठीमागच्या फळीवर दोन कानांचे स्क्रू पिळून बसवायची, काम झालं की काढून खांद्यावरून घरी न्यायची, अशी ही मोटर. माझ्याकडे आलेली जपानी बनावटीची, आठ हॉर्सपॉवरची, दोन सिलिंडरांची. वजन भाताच्या अर्ध्या पोत्याइतकंही नसेल. ती मामांची. दासगावच्या बाजूला खाडीकाठी त्यांची लहान होडी आहे.

दासगाव म्हणजे सावित्रीवरचं जुनं बंदर. रस्ते धड नव्हते तेव्हा महाडचा माल आणि माणसं याच पाण्यावरून यायची-जायची. १९२७च्या डिसेंबरात महाडच्या दुसऱ्या परिषदेसाठी डॉ. बाबासाहेब आंबेडकर आपल्या सहकाऱ्यांसह मुंबईहून बोटीनेच निघाले, दासगावला उतरले आणि तिथून महाडपर्यंत चालत गेले. आज महामार्गावरून गाडीत बसून जाणाऱ्याला दासगाव हे बंदर होतं याचा पत्ताही लागत नाही.

या मोटरीच्या मरणाची सुरुवात महाडच्या पुरापासून. २२ जुलै २०२१. त्या रात्री संपलेल्या चोवीस तासांत महाबळेश्वरला ५९४ मिलिमीटर पाऊस झाला. तो सगळा डोंगर उतरून सावित्रीत आला आणि महाड शहर पाण्याखाली गेलं. त्याच संध्याकाळी तळिये गावावर दरड कोसळली, आमच्या पोलादपूर तालुक्यातही दरडींनी माणसं गिळली. त्या दिवसांत महाडच्या गल्ल्यांतून एनडीआरएफच्या रबरी होड्या फिरत होत्या आणि त्या होड्यांच्या मागे अशाच मोटरी गुरगुरत होत्या. मामांची मोटर मात्र खोपटात उभ्या उभ्या बुडाली.

पाणी ओसरल्यावर घर सावरायचं की मोटर बघायची? मामांनी ती धुतली, उन्हात वाळवली आणि कोपऱ्यात ठेवून दिली. नंतर दोरी ओढली तर दोरी हलेना. दोन वर्षांनी मी गेलो तेव्हा म्हणाले, "भंगारवाल्याला सांगून ठेवलंय. तुला हवी तर ने, पण तुझी आई ओरडली तर माझं नाव सांगू नकोस."

तिला उघडायला घेतलं आणि पहिलाच धक्का बसला. मोटर पाण्याने मेली नव्हती, उन्हाने मेली होती. गंज चढायला लोखंडाला पाणी आणि हवा दोन्ही लागतात. पाण्याखाली असताना आतल्या लोखंडापर्यंत पोचणारा प्राणवायू फार थोडा. खरा घात होतो तो बाहेर काढल्यावर, ओल आणि हवा एकत्र आल्यावर, आणि तोही काही तासांत. म्हणून बुडालेली मोटर त्याच दिवशी उघडून, पाणी काढून, तेल पाजून फिरवणं जमणार नसेल, तर जाणकार एक उफराटा सल्ला देतात: ती गोड्या पाण्याच्या पिंपात बुडवूनच ठेवा. वाचवायचं असेल तर बुडवून ठेवा! हे कळल्यावर मला चुटपुट लागली. मामांनी केलं ते कुणीही शहाण्या माणसाने केलंच असतं.

आता ही मोटर आहे तरी काय, ते बघू. वरची टोपी काढली की आत इंजिन दिसतं, पण आडवं पडलेलं. सिलिंडर आडवे आणि क्रँक उभा. तो उभा क्रँक खाली एका लांब दांड्याला धरतो, दांडा पाण्यात उतरतो, तळाला पंखा. चार-स्ट्रोक इंजिन उघडलेल्याला इथे चुकल्यासारखं होतं. व्हॉल्व्ह कुठे गेले? कॅम कुठे आहे? टायमिंग चेन? ऑइलची टाकी? काहीच नाही. इंजिनाच्या पोटात हलणाऱ्या वस्तू मोजा: पिस्टन, कनेक्टिंग रॉड, क्रँक. संपली यादी.

ज्यांनी लूना चालवली, चेतक लाथ मारून सुरू केली, आरएक्स हंड्रेडचा आवाज तीन गल्ल्या पलीकडून ओळखला, त्यांना हे इंजिन परकं नाही. तेच टू-स्ट्रोक. पण आपण ते नुसतं चालवलं, आत काय चाललंय याचा विचार किती जणांनी केला? मी तरी केला नव्हता. पडवीत पिस्टन हातात धरून बसलो तेव्हा समजलं की या इंजिनात प्रत्येक वस्तू दोन नोकऱ्या करते.

पिस्टनच घ्या. स्फोटाचा धक्का खाऊन क्रँक फिरवणं हे त्याचं उघड काम. पण सिलिंडरच्या भिंतीला खिडक्या आहेत, आणि वर-खाली सरकताना पिस्टन आपल्याच अंगाने त्या झाकतो आणि उघडतो. एक खिडकी जळका धूर बाहेर जायची, दुसरी ताजं मिश्रण आत यायची. म्हणजे व्हॉल्व्हही तोच. तेवढ्यावर भागत नाही. पिस्टन वर जातो तेव्हा त्याच्या पोटाखालच्या बंद खोलीत, क्रँककेसमध्ये, पोकळी होते आणि कार्बोरेटरमधून पेट्रोल-हवा आत ओढली जाते. तो खाली येतो तेव्हा तेच मिश्रण दाबलं जाऊन बाजूच्या वाटेने वर चढतं. लोहाराचा भाता आणि पिस्टन एकच झाले. ही युक्ती इंग्लंडातल्या बाथ गावच्या जोसेफ डे याने १८९०च्या सुमारास प्रत्यक्षात आणली. वर स्फोट, खाली भाता, आणि दोन्हींच्या मधे एकच धातूचा तुकडा.

पेट्रोलचंही तसंच. ते जळण आहेच, पण त्यात ऑइल कालवलेलं असल्यामुळे जाता जाता बेअरिंगांना वंगणही तेच देऊन जातं. एका लिटरला वीस मिलिलिटर ऑइल, नवीन रिंगा बसवल्यावर सुरुवातीला त्याच्या दुप्पट. क्रँककेसमधून मिश्रण जायलाच हवं, कारण आतल्या बेअरिंगांना दुसरीकडून तेल मिळत नाही. ज्याने घाईत साधं पेट्रोल भरलं त्याने इंजिनाचं वंगणच तोडलं. ऑइल मोटारसायकलचं नको, होडीच्या मोटरीसाठी बनवलेलं, 'टीसी-डब्ल्यू ३' छापलेलं हवं. पाण्याने थंड होणारं हे इंजिन मोटारसायकलपेक्षा कमी तापतं. त्या तपमानाला राख न ठेवता जळेल असं तेल त्याला लागतं.

मिश्रण आत ओढलं गेलं की ते परत बाहेर पळू नये म्हणून कार्बोरेटरच्या मागे पोलादाच्या पातळ पट्ट्या आहेत. आत ओढ लागली की पट्टी उचलते, दाब आला की मिटते. त्यांना 'रीड' म्हणतात. हे नाव ऐकून मी क्षणभर थांबलो, कारण रीड म्हणजे पेटीतली! आणि हा नुसता नावाचा योगायोग नाही. जपानातल्या हामामात्सु गावी १८८७ साली तोराकुसु यामाहा नावाच्या कारागिराने एका शाळेचा बिघडलेला रीड ऑर्गन दुरुस्त केला. आपल्या संगीत नाटकांना साथ करणारी पायपेटी याच कुळातली. त्या दुरुस्तीतून वाद्यांचा कारखाना उभा राहिला. १९५५ साली त्याच घराण्यातून मोटारसायकलींची कंपनी निघाली आणि १९६० साली तिने आपली पहिली होडीची मोटर विकायला काढली. त्या कंपनीच्या चिन्हात आजही तीन ट्यूनिंग फोर्क आहेत. पेटीतली पट्टी कंप पावून सूर देते, मोटरीतली फक्त उघडमीट करते, हा फरक आहेच. पण मिनिटाला पाच हजार फेऱ्या म्हणजे सेकंदाला त्र्याऐंशी उघडमिटी. गायकाच्या खर्जाच्या आसपासचा हा वेग. माझ्या हातातली पट्टी पोस्टकार्डाहून फार जाड नव्हती. एका कोपऱ्याला केसासारखी चीर होती म्हणून ती बदलली. ती तुटून आत गेली असती तर पिस्टन खराब झाला असता.

जगातली व्यवहारात चाललेली पहिली होडीची मोटर कुणाची यावर वाद घालता येईल, पण तिला घरोघरी पोचवलं ओल एव्हिनरूड याने. नॉर्वेत जन्मलेला, लहानपणी अमेरिकेत विस्कॉन्सिनला आलेला. बेस नावाच्या मुलीला आइस्क्रीम खायची इच्छा झाली म्हणून त्याने तळ्यातून होडी वल्हवत जाऊन ते आणलं आणि येईपर्यंत ते वितळून गेलं, अशी कथा सांगतात. १९०९ साली बाजारात आलेली त्याची मोटर दीड हॉर्सपॉवरची होती, वजन सुमारे अठ्ठावीस किलो. बेसला पहिल्यांदा ती कॉफी दळायच्या यंत्रासारखी वाटली. बेस तोवर त्याची बायको झाली होती आणि धंद्याची बाजू तिनेच सांभाळली. एव्हिनरूडच्या मोटरींचं उत्पादन २०२०च्या मे महिन्यात थांबलं. पण त्या पहिल्या मोटरीचा सांगाडा बघा: आडवा सिलिंडर, उभा क्रँक, लांब दांडा, तळाला दातेरी चाकं आणि पंखा. शंभराहून अधिक वर्षं झाली, मूळ मांडणी कुणाला मोडावीशी वाटली नाही.

दुरुस्तीकडे वळतो, कारण खरी मजा तिथे आहे. पिस्टन सिलिंडरला चिकटले होते. इथे हातोडा उचलणारा हरतो. प्लग काढून भोकांतून डिझेल आणि ऑइलचं मिश्रण ओतलं आणि वाट पाहिली. रोज थोडं ओतायचं, रोज फ्लायव्हीलला हाताने थोडं हलवून बघायचं, इकडे आणि तिकडे. तिसऱ्या आठवड्यात एका संध्याकाळी 'टक्' झालं आणि फ्लायव्हील चिमूटभर सरकलं. घरात नवं वासरू झाल्यासारखा मी ओरडलो.

बोल्टांनी मात्र रडवलं. स्टीलचा बोल्ट ॲल्युमिनियमच्या आट्यांत, वर खाडीचं पाणी. दोन वेगळे धातू आणि खारं पाणी एकत्र आलं की बॅटरी तयार होते. वीज वाहते, दुबळा धातू झिजतो. इथे दुबळं ॲल्युमिनियम. त्याची पांढरी भुकटी आट्यांत सिमेंटसारखी बसते. जोर लावला की बोल्टाचं डोकं तुटून हातात येतं, तसं दोनदा आलं. मग कळलेली रीत अशी: बोल्ट नाही, त्याच्या भोवतालचं घर तापवायचं. ॲल्युमिनियम उष्णतेने लोखंडाच्या जवळजवळ दुप्पट फुगतं, त्यामुळे बोल्टावरची पकड सैल होते. तापव, तेल सोड, थांब, पुन्हा तापव. दिवसाला दोन बोल्ट निघाले तरी तो चांगला दिवस.

याच विजेवरचा उतारा मोटरीच्या तळाशी स्क्रूने बसवलेला असतो: जस्ताचा एक ओबडधोबड तुकडा. ॲल्युमिनियमपेक्षाही दुबळा असल्यामुळे झीज तो स्वतःवर घेतो आणि मोटर वाचते. हम्फ्री डेव्ही या शास्त्रज्ञाने १८२४ साली ब्रिटिश आरमाराच्या जहाजांचा तांब्याचा पत्रा वाचवण्यासाठी हे सुचवलं होतं. मामांच्या मोटरीवरचा तुकडा खडीसाखरेसारखा झिजला होता आणि त्यावर कुणीतरी हौसेने रंग फासला होता. त्या रंगाने त्याचं कामच बंद पाडलं. तो तुकडा झिजलेला दिसला तर आनंद माना, तो आपलं काम करतोय. त्याला रंग कधी लावू नका.

एक सिलिंडर कातडीसारखा गुळगुळीत निघाला, दुसऱ्यात गंजाने खड्डे पाडले होते. तो महाडला लेथवर नेऊन पाव मिलिमीटर मोठा करून घेतला, तेवढाच मोठा पिस्टन आणि नव्या रिंगा मागवल्या. क्रँकच्या दोन्ही टोकांची ऑइल सील न विचारता बदलली. या सीलची किंमत फार नाही, पण तिचं काम समजून घ्या. क्रँककेस म्हणजे भाता, आणि भात्याला भोक असेल तर? चार-स्ट्रोक इंजिनात सील गेली तर जमिनीवर तेलाचा डाग पडतो. इथे बाहेरची कोरडी हवा आत शिरते, मिश्रण विरळ होतं, इंजिन उलट अधिक जोरात पळाल्यासारखं वाटतं आणि पिस्टनच्या डोक्याला भोक पडतं.

बॅटरी कुठे आहे, हा प्रश्न आमच्या गॅरेजच्या पोराने विचारला. बॅटरी नाहीच. फ्लायव्हीलच्या आतल्या कडेला चुंबक बसवले आहेत. ते फिरताना खालच्या कॉइलजवळून जातात, तारेत वीज उपजते, ती ऐन क्षणी मोकळी होते आणि दुसऱ्या, हजारो वेढ्यांच्या तारेत हजारो व्होल्टची होऊन प्लगच्या टोकावर उडी मारते. म्हणजे दोरी ओढणारा हात हाच वीजघर. पुरात, अंधारात, सगळ्या तालुक्याची वीज गेलेली असताना ही मोटर एका माणसाच्या दंडावर चालू होते. फॅरेडेने १८३१ साली दाखवलेला नियम पडवीत बसून बोटांनी चाचपता येतो, याचं मला अजून नवल वाटतं.

तळाची पेटी उघडली तेव्हा आतून दुधी चहासारखं तेल आलं. पाणी शिरल्याची ही खूण. आत तीन दातेरी चाकं: वरून येणाऱ्या दांड्याचं एक, आणि त्याच्याशी काटकोनात दोन. त्या दोघांपैकी एक सुलटं फिरतं आणि दुसरं उलटं, दोन्ही सतत. मधे दात असलेला एक ठोकळा आहे. तो पुढे सरकवला की सुलट्याला धरतो, मागे सरकवला की उलट्याला, मधे ठेवला तर कुणालाच नाही. पुढे, मागे, न्यूट्रल, झालं. पंख्याच्या मध्यात रबराचा बुश आहे. तारेत किंवा दगडावर पंखा अडकला तर हे रबर घसरतं आणि चाकांचे दात वाचतात. महाडच्या बुडालेल्या रस्त्यावरून होडी नेताना पाण्याखाली काय काय असेल, याची कल्पना केली की त्या रबराची किंमत कळते. आणि धूर? तोही पंख्याच्या मधूनच पाण्याखाली सोडलेला. नदीच सायलेन्सर झाली.

या सगळ्यात मला सर्वात आवडलेला भाग मुठीत मावतो. तळपेटीच्या वर सहा पाकळ्यांचं रबरी फूल असतं, इंपेलर. ते ज्या डबीत फिरतं तिचा मध्य जरा बाजूला सरकलेला आहे. त्यामुळे पाकळ्या एका बाजूला दुमडतात, दुसऱ्या बाजूला उघडतात. उघडताना पाणी ओढतात, दुमडताना वर ढकलतात. वेग वाढला की पाकळ्या डबीच्या भिंतीला पूर्ण टेकेनाशा होतात आणि तेच फूल पाणी भिरकावणारा पंप होतं. नदीचं पाणी असं वर चढतं, तापलेल्या सिलिंडरभोवती फिरतं आणि परत नदीत जातं. रेडिएटर लागत नाही, पाण्याची टाकी लागत नाही. त्यातली एक बारीक धार मोटरीच्या मागच्या भोकातून बाहेर पडते. होडीवाला चालवताना मागे वळून बघतो ते या धारेसाठी. धार थांबली की मोटर ताबडतोब बंद. मामांच्या मोटरीतलं ते फूल दगडासारखं कडक झालं होतं, दोन पाकळ्या तुटून नळीत अडकलेल्या. जुन्या मोटरींचा जीव पुष्कळदा या स्वस्त रबरामुळे जातो. कोरडी चालवली तर हे रबर मिनिटभरातही जळू शकतं. म्हणून पाण्याबाहेर मोटर कधी सुरू करायची नाही, 'फक्त आवाज ऐकायला'सुद्धा नाही.

पोलादपुरात होडी नसल्यामुळे आम्ही अंगणात दोनशे लिटरचं निळं पिंप भरलं आणि मोटर त्याच्या कडेला लावलेल्या फळीवर टांगली. अंगणातच, कारण बंद जागेत तिचा धूर प्राणघातक असतो. मामा दासगावहून आले होते. चोक ओढला, दोरी ओढली. काही नाही. पाचव्या ओढीला ती खोकली. नवव्याला धरली. पिंपातलं पाणी खळखळून उकळल्यासारखं झालं, निळा धूर पेरूच्या झाडात शिरला, शेजारची कोंबडी पळाली. मी आवाज ऐकत नव्हतो, मागचं भोक बघत होतो. दोन सेकंद, तीन, चार. मग आधी थेंब, मग गढूळ, मग स्वच्छ धार. मामा काही बोलले नाहीत. त्यांनी धारेखाली हात धरला, पाणी कोमट आहे ना हे पाहिलं आणि मान हलवली.

आता ती पुन्हा खाडीवर आहे. दर फेरीनंतर मामा तिला गोड्या पाण्याच्या पिंपात पाच मिनिटं चालवतात, पेट्रोलची नळी काढून कार्बोरेटर कोरडा होईपर्यंत फिरू देतात. हे दुसरं काम आता पूर्वीपेक्षा महत्त्वाचं झालं आहे. पंपावरच्या पेट्रोलमध्ये इथेनॉल मिसळलेलं असतं, इथेनॉल हवेतली ओल पितं आणि महिनोन्‌महिने पडून राहिलं की पाण्यासह तळाला बसून कार्बोरेटर खातं.

महाड, दासगाव, बाणकोटच्या पट्ट्यात कितीतरी खोपटांत अशा मोटरी पडून असतील, पुराच्या चिखलाने माखलेल्या. तुमच्याकडे असेल तर भंगारात देण्याआधी एवढं करा: प्लग काढा, भोकातून थोडं ऑइल सोडा, आठवडाभर थांबा आणि फ्लायव्हील हाताने फिरवून बघा.